तिच्या अक्षरातली माझी कादंबरी

माझ्या कपाटात तळाला एक गठ्ठा आहे. फुलस्केप कागद, एकाच बाजूला लिहिलेले, डावीकडे चार बोटं समास सोडलेला, वरून पांढऱ्या नाडीची गाठ. कादंबरी माझी आहे, पण त्यात माझं अक्षर फक्त खाडाखोडीपुरतं. बाकी सगळं अक्षर माझ्या मैत्रिणीचं. कपाट आवरायला काढलं की मी तो गठ्ठा उचलते, धूळ पुसते आणि होता तिथे परत ठेवते. गाठ सोडायचा धीर वर्षा-दोन वर्षांतून एखाद्या वेळी होतो.

आधी माझ्या अक्षराबद्दल सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. माझं अक्षर भिकार. शाळेत बाई म्हणायच्या, तुझी वही तपासली की माझं डोकं दुखतं. पुढे मी गोरेगावला औषधांच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागले. तिथे जेवणाच्या सुट्टीत, बाद झालेल्या लेबलांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी कादंबरी लिहिली. लेबलं ती केवढी! एकेकावर दोन वाक्यं मावायची, आणि वाक्य लांबलं की ते आडवं-तिडवं चढत जायचं. असली लेबलं भरलेल्या तीन पिशव्या झाल्या. प्रकाशकाला विचारलं तर उलट टपाली उत्तर आलं की मुद्रणप्रत सुवाच्य अक्षरात, कागदाच्या एकाच बाजूला लिहिलेली हवी. ते बरोबरच होतं. छापखान्यात एकेक खिळा उचलून ओळ जुळवणाऱ्या माणसाला निदान वाचता तरी आलं पाहिजे.

ऐंशीनंतरची ती वर्षं. जोगेश्वरी पूर्वेला, टेकाडाच्या अंगाला आमची बारा खोल्यांची बैठी चाळ होती. अकरा खोल्यांत आम्ही कोकणातले. बहुतेकांचे वडील गिरणीत होते, आणि संपानंतर बहुतेकांचे वडील दारात बसलेले होते. बारावी खोली माझ्या या मैत्रिणीची. जालन्याकडून आलेलं बौद्ध कुटुंब, वडील लवकर गेलेले, घरात ती आणि तिची आई. आम्ही दोघी एका वर्गात, एका बाकावर. शाळेच्या फळ्यावरचा रोजचा सुविचार तिच्याच हातून लिहिला जायचा आणि दुसऱ्या दिवशी तो पुसायला शिपाईसुद्धा नाखूश असायचा. चाळीतल्या सगळ्यांची गावाकडची पत्रं तीच लिहायची. पुढे ती अंधेरीला रेशनिंग ऑफिसात कारकून झाली, तरी पत्रं तिच्याकडेच.

तेव्हा मुद्रणप्रत कोण करणार हा प्रश्नच नव्हता. मी तिच्या दारात तीन पिशव्या ठेवल्या. तिनं एक लेबल उचललं, उलटंसुलटं केलं.

"हे काय आहे यार? खोकल्याचं औषध की कादंबरी?"

"दोन्ही. करशील ना?"

"वाट लावलीस माझ्या डोळ्यांची," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी कागद आणि शाईची बाटली घेऊन आली. मी तिला विचारलं असं म्हणते खरी, पण ते विचारणं नव्हतंच. ती नाही म्हणेल असं माझ्या मनात आलंच नव्हतं.

कादंबरी आमच्या चाळीवरचीच होती. नावं बदललेली, माणसं तीच. नायिका म्हणजे मीच, जरा जास्त हुशार आणि जरा कमी तापट. तीत समोरच्या इमारतीत भाड्यानं राहणारा एक आफ्रिकन विद्यार्थी होता, खालच्या रस्त्यावरच्या शाळेतली एक गोवेकर ख्रिस्ती शिक्षिका होती, आणि मधोमध होती बारावी खोली, म्हणजे माझ्या मैत्रिणीची आई. तिला आम्ही सगळी मुलं मावशी म्हणायचो.

मावशी म्युनिसिपालिटीच्या एका प्रसूतिगृहात आया होती. तिकडची नोकरी संपवून घरी आली की चाळीतली सुरू. कुणाचं पोट दुखलं, कुणाच्या पोराला ताप आला, कुणाच्या सुनेला दिवस भरले, की बाराव्या खोलीचं दार वाजायचं. माझ्या वहिनीला कळा सुरू झाल्या त्या भरदुपारी, आणि टॅक्सी आमच्या चढावर यायला तयार नाही. मावशीनं बाया सोडून सगळ्यांना बाहेर काढलं आणि तासाभरात माझा भाचा तिच्या हातांत जन्मला. मी आत पाणी तापवत होते, सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं. हा प्रसंग माझ्या कादंबरीचा कळस होता. त्यातलं एक वाक्य मला इतकं आवडायचं की पॅकिंग करता करता मी ते मनात म्हणायची. 'आपल्या कोळशासारख्या काळ्या हातांनी तिने ते गोरेगोमटे बाळ उचलले.' काय वाक्य जमलंय, असं मला वाटायचं. तुम्हालाही सांगताना आज लाज वाटते, पण तेव्हा वाटायचं खरं.

मैत्रीण रोज संध्याकाळी ऑफिसातून आली की दारात पाट मांडून, दुसरा पाट मांडीवर घेऊन लिहायला बसायची. मावशी तोवर निवृत्त झाली होती. ती शेजारी तांदूळ निवडत बसायची. मावशीला अक्षरओळख नव्हती, पण कादंबरीत आपण आहोत हे तिला कळलं होतं आणि तिनं ते सगळ्या चाळीला सांगून ठेवलं होतं. माझ्या खोलीतून मला तिचा आवाज ऐकू यायचा.

"माझं काय लिवलंय, त्ये वाच की गं."

मग मैत्रीण वाचून दाखवायची. तिचा आवाज हळू, शब्द कळायचे नाहीत, पण मध्येच मावशी हसलेली ऐकू यायची. मला काय आनंद व्हायचा! माझा पहिला वाचक तांदूळ निवडतोय आणि हसतोय, यापेक्षा लेखकाला आणखी काय पाहिजे?

एके दिवशी मी नळावर हंडा लावून उभी असताना मावशी आपण होऊन माझ्याजवळ आली. तिनं माझा हात धरला.

"हात चोळून गरम करते मी आधी, त्ये बी ध्यानात ठिवलंस व्हय गं पोरी? येवढी वर्सं काम केलं, डाक्टरीणबाईनं बी कधी बगितलं न्हाई. बाळाला जगात आल्याआल्या गार हात लागू नये, म्हनून चोळते. तू बगितलंस."

मला काही उमजेना. हात चोळण्याबद्दल मी एक अक्षर लिहिलं नव्हतं. म्हातारपणी काहीतरी डोक्यात मिसळलं असेल, असं मी मनाशी ठरवलं. पण कौतुक कुणाला नको असतं? मी मान डोलावली आणि वर म्हणाले, "लेखकाला सगळं बघावं लागतं मावशी."

तिचे डोळे भरले होते. ती माझ्या गालावरून हात फिरवून गेली.

पावसाळा संपता संपता प्रत पूर्ण झाली. प्रकाशकानं ती वाचायला त्यांच्या संपादकांकडे पाठवली. ते निवृत्त मास्तर होते, मुलुंडला राहायचे आणि घरीच हस्तलिखितं वाचायचे. त्यांचं उत्तर यायला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत, थंडीच्या दिवसांत, मावशी गेली. सकाळी चहा पिऊन भिंतीला टेकून बसली आणि बसल्या जागी गेली. सगळी चाळ रडली, मीही रडले. रडताना माझ्या मनात आलं की पुस्तक थोडं आधी यायला हवं होतं, तिच्या हातात द्यायचं राहिलं. तेव्हा मला तेवढीच हळहळ होती.

मग पोस्टकार्ड आलं, भेटून जा म्हणून. दोन बस बदलून मी मुलुंडला गेले. संपादकांचं घर तळमजल्यावर, बाहेर तुळस आणि मोगरा, आत भिंतभर पुस्तकं. ते स्वतः उंच, घारे आणि लख्ख गोरे. समोर माझा गठ्ठा, आणि त्याच्या समासात पेन्सिलीच्या बारीक बारीक खुणा.

"लिहिता चांगलं," ते म्हणाले. "पुस्तक छापू या. एक गोष्ट मात्र बोलायची आहे. मी खुणा केल्यात त्या जागा तुम्हीच वाचा."

मी वाचत गेले. आफ्रिकन विद्यार्थ्याच्या पहिल्या प्रवेशाला खूण होती. 'आधी अंधारात त्याचे पांढरे दात दिसले, मग तो दिसला.'

"अंधार कुठून आला?" त्यांनी विचारलं. "प्रसंग भरदुपारचा आहे. तो वडापाव घेतोय."

मी पान उलटलं. पुढे शिक्षिका लोण्यासारखी. पुढे बाराव्या खोलीतली बाई. तव्यासारखी. डांबरासारखी. काळ्या पाषाणासारखी. आणि शेवटी माझं लाडकं वाक्य. त्याच्यापुढे दोन खुणा होत्या.

"आता मला सांगा, तुमच्या नायिकेचा रंग कोणता?"

"तिचा..." मी अडखळले. "असतो तसा. आपला असतो तसा."

"आपला म्हणजे?"

मला राग आला. माझा राग लवकर येतो आणि चेहऱ्यावर येतो. मुलुंडच्या मोगऱ्यात बसून हा गोरा माणूस मला चाळ शिकवतोय! मी म्हणाले, "मग काळ्याला काळं म्हणायचं नाही का? माणूस जसा आहे तसा लिहायचा नाही?"

"म्हणा की. पण मग सगळ्यांनाच म्हणा. तुमच्या कादंबरीत रंग फक्त दुसऱ्यांना आहे. अकरा खोल्यांतल्या एकाही माणसाचा रंग मला अखेरपर्यंत कळला नाही. त्यांचे स्वभाव कळले, सवयी कळल्या, कोण भात गिळगिळीत करतं तेसुद्धा कळलं. आणि या बाईचा आधी रंग कळला, मग परत रंग कळला, मग परत रंग."

मी खाली बघितलं. मांडीवर माझे स्वतःचे हात होते. माझा रंग माझ्या वडिलांचा, आणि वडिलांना गिरणीतले सोबती लाडानं काळूराम म्हणायचे. हे माझ्या कादंबरीत कुठेच नव्हतं.

संपादकांनी पानं नीट लावता लावता सहज विचारलं, "अक्षर फार देखणं आहे. कुणाचं?"

"माझ्या मैत्रिणीचं. बाराव्या खोलीतली. ही तिचीच आई."

त्यांचे हात थांबले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे हे सगळं तिनं स्वतःच्या हातानं लिहून काढलं."

खरं सांगते, तोवर हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. लेबलं तिला देताना नाही, पानं परत घेताना नाही, मावशी गेली तेव्हाही नाही. परतीच्या बसमध्ये गठ्ठा मांडीवर घेऊन बसले होते आणि पवई येईपर्यंत माझ्या कानशिलांची आग होत होती. पण त्या आगीतही निम्मा राग संपादकांवरच होता, हे कबूल केलं पाहिजे.

घरी येऊन मी काय केलं असेल? लाल पेन घेतलं आणि रंगाचा जो जो शब्द दिसला तो तो खोडला. तवा गेला, डांबर गेलं, दात गेले, लोणी गेलं. दोन रविवार त्यात गेले. जिथे 'काळी' होतं तिथे 'एक बाई' झालं. मग मोठ्या सात्त्विक चेहऱ्यानं गठ्ठा पुन्हा मुलुंडला पाठवला.

आठवड्याभरात तो परत आला. वर चिठ्ठी होती, दोनच ओळी. 'आता ही माणसं दिसेनाशीच झाली. तुम्ही त्यांचा रंग काढला, पण त्याखाली काही लिहिलेलंच नव्हतं.'

चिठ्ठी वाचून मी चुलीत घालणार होते. आई स्वयंपाक करत होती, तिनं विचारलं काय झालं. मी तिला सगळं सांगितलं, ते लाडकं वाक्यसुद्धा वाचून दाखवलं. वाटलं, आई तरी माझ्या बाजूनं बोलेल. आईनं कडेवरच्या माझ्या भाच्याकडे बघितलं. पोरगं आमच्याच वळणावर गेलेलं, जन्मापासून काळंसावळं. वहिनी त्याला डाळीचं पीठ लावून लावून थकली होती.

"काय गो," आई म्हणाली, "ह्येका गोरो कशाक केलंस?"

कशाक केलंस, याचं उत्तर माझ्याकडे होतं. वाक्य चांगलं दिसावं म्हणून. एका बाजूला कोळसा ठेवला की दुसऱ्या बाजूला काहीतरी पांढरं लागतं, म्हणून. मी आपल्याच घरातलं पोरगं गोरं करून टाकलं होतं, आणि ज्या बाईनं त्याला जगात आणलं तिच्या हातांना त्या पांढऱ्यामागची काळी भिंत केलं होतं.

त्याच संध्याकाळी मी बाराव्या खोलीत गेले. ती एकटीच होती, चहा करत होती. भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीखाली मावशीचा फोटो लागला होता. मी गठ्ठा पाटावर ठेवला आणि आजवरची सर्वांत मोठी चूक केली. मी क्षमा मागितली नाही. मी म्हणाले, "संपादकांनी बदल सुचवलेत. मावशीचा सगळा भाग परत लिहायचाय. तू मला जरा सांग तिच्याबद्दल, आणि मग परत एक प्रत करून दे ना."

तिनं गॅस बंद केला.

"नाही जमणार."

"का गं?"

"एकदा लिहिलं ना. बास झालं."

मग मात्र माझा तोल गेला. मी म्हणाले, "तुला राग आला होता तर तेव्हाच का नाही बोललीस? मैत्रीण ना तू? एका शब्दानं सांगितलं असतंस तर मी तिथल्या तिथे खोडलं असतं."

"तू विचारलंस कधी?" ती म्हणाली. आवाज चढला नाही. तिचा चढतच नाही. "तीन पिशव्या दारात टाकून गेलीस. रोज किती पानं झाली ते विचारायचीस. कसं वाटलं, हे एकदा तरी विचारलंस? आणि मी काय सांगायचं होतं तुला? की माझी आई कोळसा नाहीये म्हणून?"

मी पाटावरच्या गठ्ठ्याची नाडी उगाच आवळली.

"ते बाळ गोरं नव्हतंच," ती म्हणाली. "मला माहीत नाही का? पाचवीच्या दिवशी बघितलं की मी त्याला, दारातून."

पाचवीचं मी विसरले होते. म्हणजे कादंबरीत तो सोहळा मी चार पानं रंगवला होता, पण हे विसरले होते. बाळ पाच दिवसांचं झालं की पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवतात, सटवाई येऊन त्याचं नशीब लिहून जाते असं मानतात. त्या दिवशी घरात एकही धड चालणारं पेन सापडेना, म्हणून आई मला म्हणाली, जा, बाराव्या खोलीतून घेऊन ये. मी तिचं शाईचं पेन मागून आणलं. पूजा झाली. चाळीतल्या सगळ्या बायका आत बसून जेवल्या. मावशीला मात्र नारळ-तांदूळ दिले ते उंबऱ्याबाहेर. त्यांच्यात हे मानत नाहीत ना, असं आई सगळ्यांना सांगत होती. तेही खरंच होतं, मावशी सटवाईला हसायची. पण ती आली होती, इस्त्रीची पांढरी साडी नेसून आली होती, आणि उंबऱ्याशी उभी राहून परत गेली होती. मुलगी तिच्या मागे होती.

"माझं पेन चाललं गं तुमच्या सटवाईला," ती म्हणाली. "त्याच पेनानं लिहिलीय तुझी कादंबरी."

मी खाली बसले. मग विचारलं, "पण मग मावशी हसायची कशी? तू तर तिला वाचून दाखवायचीस."

तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच तिचा चेहरा हलला.

"तुझं लिहिलेलं वाचायचे असं वाटलं तुला? त्या ओळी आल्या की कागदावर बघत बघत मी दुसरंच सांगायचे. मनाचं. आई ड्युटीवर जाताना पदर कसा खोचते ते. पेशंट बाई ओरडायला लागली की तिला शिव्या कशी देते आणि मग स्वतःच कशी रडते ते. बाळाला घ्यायच्या आधी हात चोळते ते. तिला वाटायचं तूच लिहिलंयस. म्हणायची, बग, पोरगी किती ध्यान देऊन बगते."

नळावरचं ते सगळं माझ्यासमोर आलं. मावशीचा हात, तिचे भरलेले डोळे, आणि माझं ते वाक्य, लेखकाला सगळं बघावं लागतं. मी रडायला लागले. ती रडली नाही. तिनं कपात चहा ओतला आणि माझ्यापुढे सरकवला, जसा कुठल्याही पाहुण्यापुढे सरकवतात.

आणि तरीही, डोळे पुसता पुसता माझ्यातली लेखिका जागीच होती. मी म्हणाले, "ते हात चोळायचं घालू कादंबरीत? तू म्हणालीस तसंच घालते. एका शब्दाचा फरक करणार नाही."

"नको," ती म्हणाली.

"पण मावशीसाठीच—"

"आईला वाटलं तू बघितलंस. ते समाधान घेऊन गेली ती. आता तू ते माझ्याकडून घेऊन तुझ्या नावानं छापणार? राहू दे. ते मी आईला दिलं होतं, तुला नाही."

चहा मी प्यायले की नाही ते आठवत नाही. गठ्ठा उचलून घरी आले एवढं आठवतं.

पुस्तक दीड वर्षानं आलं. विद्यार्थ्याचं आणि शिक्षिकेचं मी नव्यानं लिहिलं आणि तेवढी पानं पैसे देऊन टाइप करून घेतली. आधी जाऊन त्या दोघांशी बोलले, तेव्हा कळलं की तो मुलगा रोज रात्री घरच्या आठवणीनं उपाशी झोपायचा आणि शिक्षिकेला ऐकायला कमी यायचं. नायिकेला तिचा काळा रंग दिला, वडिलांचं टोपणनावही दिलं. संपादकांनी शाबासकीचं कार्ड पाठवलं. पण बारावी खोली मी पुरी काढून टाकली. तिच्याविषयी माझं स्वतःचं म्हणावं असं माझ्याकडे काही नव्हतं, आणि जे होतं ते वापरायला मला बंदी होती. बाळंतपणाचा प्रसंग आहे, कारण त्यावाचून पुढचं कथानक चालत नाही. पण माझ्या पुस्तकात ते बाळ कुणाच्याच हातात जन्मत नाही. 'दुपारी मुलगा झाला', एवढंच आहे.

एक प्रत मी तिला द्यायला गेले. तोवर तिला दिंडोशीला नव्या वसाहतीत घर मिळालं होतं, सामान बांधून झालं होतं. तिनं उभ्याउभ्या पुस्तक चाळलं, तिला हवं ते पान शोधलं आणि वाचलं. मग पुस्तक पिशवीत ठेवून म्हणाली, "छपाई झकास झालीय." दिंडोशी जोगेश्वरीपासून काही लांब नाही. पहिल्या वर्षी आम्ही दोनदा भेटलो, दुसऱ्या वर्षी एकदा, आणि मग दोघींनाही वेळ मिळेनासा झाला. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं. आमचं भांडण झालंच नाही.

छापखान्यानं मुद्रणप्रत परत पाठवली, कागदांवर खिळे जुळवणाऱ्याच्या अंगठ्याचे शाईचे ठसे होते. टाइप केलेली पानं काढून तिच्या अक्षरातली गाळलेली पानं मी परत जागेवर लावली. तोच हा गठ्ठा. गाठ सोडली की मी ते एकच पान काढते. समासात संपादकांच्या पेन्सिलीच्या दोन खुणा आहेत, वाक्यावर माझी लाल रेघ आहे, आणि रेघेखाली तिचं अक्षर अजून स्वच्छ वाचता येतं. कोळशासारख्या काळ्या हातांनी. मी ती ओळ पुष्कळदा उजेडात धरून बघितली आहे. कुठे तिचा हात थांबला असेल, शाई जरा जास्त उतरली असेल, एखादा काना वाकडा गेला असेल. तसं काहीच नाही. वरच्या आणि खालच्या ओळीइतकीच ती ओळ सरळ आहे. शेजारी आई बसलेली असताना, तिला भलतंच काही ऐकवत, तिनं माझं वाक्य जसंच्या तसं उतरवून दिलं.

तुझ्या नावानं छापू नकोस, असं ती म्हणाली होती. इतकी वर्षं मी ते पाळलं. आज लिहिते आहे, पण माझ्या नावानं नाही, खाली नावच घालत नाही. मावशी बाळाला उचलण्याआधी दोन्ही तळहात एकमेकांवर चोळायची, पार गरम होईपर्यंत. माझ्या भाच्याच्या वेळीही तिनं ते केलं असणार, माझ्यासमोर, हातभर अंतरावर. बघितलं ते तिच्या मुलीनं. मी त्या वेळी हातांचा रंग बघत होते.